आयरिश पूर्वजांचा शोध: आधी टाउनलँड गाठा, मग नोंदीच्या कडेची नावं वाचा

वराडकर म्हटलं की मालवण तालुक्यातलं वराड आठवतं. आयर्लंडचे माजी पंतप्रधान लिओ वराडकर यांचं वडिलांकडचं गाव त्यांच्या आडनावातच आहे. त्यांच्या आईचं माहेर वॉटरफर्ड काउंटीतल्या डंगर्व्हनचं, आणि त्या बाजूला ही सोय नाही. मर्फी, सलिवन, रायन, केली, बर्न या आडनावांवरून फार तर एखाद्या प्रांताचा अंदाज बांधता येतो. टिपरेरी काउंटीत रायन इतके की, सरकारी कागदांतही त्यांना टोपणनावांनी वेगळं ओळखावं लागलं. त्यात पोरांची नावं मोजकी: जॉन, पॅट्रिक, मायकेल, मेरी, ब्रिजेट. एकाच पॅरिशमध्ये (एका चर्चच्या हद्दीत), एकाच दशकात, त्याच नावाचे चार-पाच जण सहज सापडतात.

म्हणून आयरिश वंशावळीच्या कामात नावामागे धावायचं नसतं. माणसाची जमीन कुठली आणि त्याच्याभोवती कोण माणसं होती, हे धरून चालावं लागतं. लग्नाने आयरिश-अमेरिकन घराशी नातं जुळलेल्या मराठी माणसांना किंवा खडकी-देवळालीच्या छावणीतला आयरिश शिपाई ज्यांच्या कुळात आहे त्यांना पुढचा क्रम उपयोगी पडेल.

सुरुवात आयर्लंडमध्ये नको

थेट आयर्लंडच्या नोंदींत नाव टाकून बघायचा मोह होतो. तो आवरा. आधी पूर्वज जिथे जाऊन राहिला तिथले कागद संपवा: न्यूयॉर्क, बॉस्टन, लिव्हरपूल, मेलबर्न. हवं आहे ते त्याच्या टाउनलँडचं, म्हणजे तो राहत असे त्या छोट्या जमिनीच्या तुकड्याचं नाव, निदान पॅरिशचं. अमेरिकन जनगणनेत जन्मस्थानापुढे नुसतं ‘आयर्लंड’ असतं, त्याने काही भागत नाही. मृत्यूलेख, थडग्यावरचा मजकूर, चर्चमधली लग्ननोंद, नागरिकत्वाचे कागद, जुन्या पत्रांवरचे पत्ते यांत गाव सापडण्याची शक्यता जास्त.

दोन साधनं मला विशेष मोलाची वाटतात. पहिलं, न्यूयॉर्कच्या एमिग्रंट इंडस्ट्रियल सेव्हिंग्ज बँकेच्या जुन्या वह्या. ही बँक १८५० साली सुरू झाली. खातेदाराची ओळख पटावी म्हणून त्याचं मूळ गाव, जहाज, आईवडील, भावंडं, कोण कुठे राहतं, हे सगळं कारकून लिहून घेत. खातं पैशाचं, पण वाचायला कुटुंबाचा इतिहास! दुसरं साधन ‘बॉस्टन पायलट’ या वृत्तपत्रातल्या हरवलेल्या माणसांच्या जाहिराती. त्या १८३१ ते १९२१ या काळात छापून येत. भाऊ भावाला, बायको नवऱ्याला शोधत असे, आणि पटकन ओळख पटावी म्हणून पॅरिश आणि टाउनलँडही देत असे.

इथे ॲनी मूरची गोष्ट सांगायलाच हवी. १ जानेवारी १८९२ रोजी न्यूयॉर्कचं एलिस आयलंड स्थलांतरितांसाठी उघडलं, तेव्हा पहिली नोंद झाली ती कॉर्क काउंटीतून दोन धाकट्या भावांसह आलेल्या या मुलीची. पुढे कित्येक वर्षं असं मानलं जाई की ती टेक्ससला गेली आणि तिथेच वारली. तिथल्या वंशजांना समारंभांना बोलावणंही होई. मग वंशावळ-संशोधक मेगन स्मोलेन्याक यांनी कागद तपासले, तेव्हा ती टेक्ससवाली ॲनी मूर मुळात अमेरिकेतच, इलिनॉय राज्यात जन्मलेली निघाली. खरी ॲनी न्यूयॉर्क सोडून कुठे गेलीच नव्हती. तिथेच तिचं लग्न झालं, मुलंबाळं झाली आणि १९२४ साली ती वारली. हे उघड झालं २००६ मध्ये. पुतळे उभारले गेलेल्या बाईची ही गत, तर आपल्या पणजीचं काय! नाव जुळलं, वय जवळपास जुळलं, एवढ्यावर माणूस वंशवृक्षाला जोडायचा नाही.

जागेची उतरंड

टाउनलँडच्या नावात ‘टाउन’ असलं तरी त्याचा शहराशी संबंध नाही. ठरावीक हद्दीचा तो जमिनीचा तुकडा. कुठे त्यात पाच-सात घरं, कुठे चाळीस, कुठे एकही नाही. आयर्लंडमध्ये असे साठ हजारांहून जास्त टाउनलँड आहेत, आणि किलमोर, बालीबेग अशी नावं वेगवेगळ्या काउंट्यांत पुन्हा पुन्हा येतात. टाउनलँडच्या वर सिव्हिल पॅरिश, मग बॅरनी, मग काउंटी. या झाल्या जमिनीच्या हद्दी. कॅथलिक चर्चचे पॅरिश वेगळे, त्यांच्या सीमा सिव्हिल पॅरिशशी जुळतीलच असं नाही. जन्म-मृत्यूच्या नोंदी आणखी वेगळ्या जिल्ह्यांत होतात. हे जिल्हे गरीबखान्यांसाठी आखलेल्या पुअर लॉ युनियनवर बेतलेले, आणि काही तर दोन काउंट्यांत पसरलेले.

तेव्हा टाउनलँड मिळाल्याबरोबर एक कागद घ्या आणि त्याचे हे सगळे पत्ते एकाखाली एक लिहा. लॉगेनम डॉट आयई (logainm.ie) हा स्थलनामांचा सरकारी संग्रह आणि टाउनलँड्स डॉट आयई, या दोन्हींवर हे फुकट मिळतं. शेजारच्या टाउनलँडची नावंही उतरवून ठेवा. सोयरीक बहुतेक चालत जाता येईल एवढ्या अंतरातच होई.

जळलं काय, उरलं काय

‘१९२२ मध्ये सगळं जळलं’ हे वाक्य तुम्हाला जागोजागी ऐकू येईल. यादवी युद्धाच्या पहिल्याच दिवसांत, ३० जून १९२२ रोजी, डब्लिनच्या फोर कोर्ट्स इमारतीतलं अभिलेखागार स्फोटात आणि आगीत गेलं हे खरं. १८२१ ते १८५१ च्या चार जनगणना तिथेच जळाल्या, काही तुकडे तेवढे वाचले. मूळ मृत्युपत्रं गेली, प्रोटेस्टंट चर्च ऑफ आयर्लंडच्या बऱ्याच वह्या गेल्या. पण १८६१ आणि १८७१ च्या जनगणनेचे कागद सरकारनेच आधी नष्ट केले होते, आणि १८८१ व १८९१ च्या कागदांचा पहिल्या महायुद्धाच्या काळात लगदा झाला. त्याचं खापर आगीवर फोडता येत नाही.

उरलंय तेही पुष्कळ आहे. कॅथलिक पॅरिशच्या वह्या चर्चमध्येच होत्या, म्हणून वाचल्या. जन्म-लग्न-मृत्यूच्या सरकारी नोंदी दुसरीकडे होत्या, त्याही वाचल्या. चर्च ऑफ आयर्लंडच्याही काही वह्या धर्मगुरूंकडे राहून गेल्या होत्या. बराक ओबामांचे पूर्वज फल्मथ कर्नी १८५० मध्ये अमेरिकेला गेले. त्यांचं ऑफली काउंटीतल्या मनीगॉलशी असलेलं नातं पक्कं झालं ते अशाच जपून राहिलेल्या एका वहीमुळे. जळालेल्या कागदांच्या नकला आणि गोषवारे जगभरातून गोळा करणारा व्हर्च्युअल रेकॉर्ड ट्रेझरी हा प्रकल्प २०२२ पासून सर्वांसाठी खुला आहे. शेवटी तिथेही एकदा शोधून बघावं.

नोंदी वाचण्याचा क्रम

मी सांगेन तो क्रम असा: आधी १९०१ आणि १९११ ची जनगणना, मग सरकारी नोंदी, मग चर्चच्या वह्या, मग जमीन. अलीकडून मागे.

या दोन्ही जनगणना पूर्ण उपलब्ध आहेत आणि आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर मूळ पत्रकांच्या प्रतिमांसह फुकट दिसतात. स्वातंत्र्ययुद्धामुळे १९२१ ची जनगणना झालीच नाही. पुढची १९२६ ची. ती १०० वर्षांच्या गोपनीयतेच्या नियमात अडकलेली होती, म्हणजे तिची पाळी २०२६ मध्ये. तुमचा पूर्वज १८५० सालीच निघून गेला असेल तरी १९०१ बघाच. मागे राहिलेल्या भावाची नातवंडं त्याच जमिनीवर सापडू शकतात.

वयावर मात्र विश्वास ठेवू नका. १९०१ मध्ये ५४ वर्षांची बाई १९११ मध्ये ७० ची झालेली दिसेल. कारण असं की १९०८ च्या कायद्याने सत्तरी ओलांडलेल्यांना जानेवारी १९०९ पासून पेन्शन सुरू झालं. जन्माचे दाखले बहुतेकांकडे नव्हते. ६ जानेवारी १८३९ च्या रात्री आलेलं प्रचंड वादळ आठवतं, असं सांगून कित्येकांनी वय सिद्ध केलं. पेन्शनसाठीच कित्येकांनी १८४१ आणि १८५१ च्या जनगणनेचे उतारे मागवले. त्या शोधाचे अर्ज टिकले आहेत, त्यामुळे जळालेल्या जनगणनेतली काही कुटुंबं त्यांतून डोकावतात.

सरकारी नोंदी सर्वांसाठी सुरू झाल्या १ जानेवारी १८६४ पासून, बिगर-कॅथलिक लग्नांच्या १ एप्रिल १८४५ पासून. आयरिशजीनिऑलॉजी डॉट आयई या सरकारी संकेतस्थळावर १०० वर्षांपूर्वीचे जन्म, ७५ वर्षांपूर्वीची लग्नं आणि ५० वर्षांपूर्वीचे मृत्यू मूळ पानांसह फुकट आहेत. उत्तर आयर्लंडच्या सहा काउंट्यांच्या १९२२ नंतरच्या नोंदींसाठी बेलफास्टच्या नोंदणी कार्यालयाकडे जावं लागतं, तिथे पैसे पडतात. सूचीत नाव दिसलं की थांबू नका, मूळ पान उघडा. आईचं माहेरचं आडनाव जुन्या सूचीत सहसा नसतं, पानावर असतं. लग्नाच्या नोंदीत दोघांच्या वडिलांची नावं आणि व्यवसाय मिळतात, आईचं नाव मिळत नाही. मृत्यूच्या जुन्या नोंदीत आईवडील नाहीतच, पण खबर देणाऱ्याचं नाव असतं. आणि बाप्तिस्मा जन्माच्या आधी झालेला दिसला तर चक्रावू नका. जन्माची नोंद उशिरा केली तर दंड बसे, म्हणून आईबाप कचेरीत जन्मतारीखच पुढे ढकलत. अशा वेळी चर्चची तारीख खरी धरावी.

कॅथलिक वह्यांच्या प्रतिमा आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५ मध्ये फुकट खुल्या केल्या. हजाराहून जास्त पॅरिश, साधारण १८८० पर्यंत. तिथे नावाने शोधता येत नाही, पान पान चाळावं लागतं. नावाने शोधायला फाइंडमायपास्ट, अँसेस्ट्री किंवा काउंटी केंद्रांचं रूट्सआयर्लंड आहे, आणि केरी, डब्लिन व कॉर्कच्या काही भागासाठी वर सांगितलेलं सरकारी संकेतस्थळ. कित्येक वह्या लॅटिनमध्ये आहेत: जेम्सचा याकोबुस, विल्यमचा गुलिएल्मुस, नोराची होनोरिया. पश्चिमेकडे वह्या उशिरा सुरू होतात, कुठे कुठे १८५० च्या सुमारास. त्याच्या मागे चर्चमधून जाता येत नाही. मग जमीन.

जमिनीचे कागद

रिचर्ड ग्रिफिथ यांनी १८४७ ते १८६४ या काळात सगळ्या देशाची मालमत्ता-मोजणी छापून काढली. कोणत्या टाउनलँडमध्ये कोणाचं घर, किती जमीन, मालक कोण, आकारणी किती, हे त्यात आहे. आस्क अबाउट आयर्लंड या संकेतस्थळावर ती नकाशासकट फुकट बघता येते. यात घरातल्या सगळ्यांची नावं नसतात, फक्त ज्याच्या नावावर घर-जमीन तो. तरी नातं शोधायला ही यादी फार कामाची. एकाच क्रमांकाखाली दोन-तीन जणांची जमीन सामाईक असेल आणि आडनावही एकच असेल, तर ते भाऊ किंवा बापलेक असण्याची दाट शक्यता. नावापुढच्या कंसाकडेही बघा. ‘मायकेल रायन (जॉन)’ म्हणजे जॉनचा मायकेल, ‘मायकेल रायन (रेड)’ म्हणजे तांबड्या केसांच्या घराण्यातला. असे मुद्दाम केलेले भेद म्हणजे आयती खूण.

यापुढचं पाऊल बरेच जण चुकवतात, आणि माझ्या मते ते सर्वात महत्त्वाचं आहे. या मोजणीनंतर फेरफाराच्या वह्या ठेवल्या जात. जुनं नाव खोडायचं, नवं लिहायचं, वर्ष टाकायचं, आणि दर वेळी शाईचा रंग बदलायचा. १८७४ मध्ये हिरव्या शाईत पॅट्रिकच्या जागी ब्रिजेट आली असेल तर त्या सुमाराला पॅट्रिक गेला असावा. त्या वर्षांभोवती त्याची मृत्यूनोंद शोधा. ब्रिजेटच्या जागी १८९० मध्ये वेगळ्याच आडनावाचा माणूस आला असेल तर तो जावई असू शकतो. लगेच त्या वर्षांच्या आसपासचं लग्न शोधा. उत्तरेकडच्या वह्या बेलफास्टच्या सार्वजनिक अभिलेखागाराने फुकट ऑनलाइन ठेवल्या आहेत, बाकीच्या डब्लिनमधल्या पूर्वीच्या व्हॅल्युएशन ऑफिसच्या संग्रहात (हे ऑफिस २०२३ मध्ये टेल्टे एरन या सरकारी यंत्रणेत विलीन झालं).

ग्रिफिथच्या मागे १८२३ ते १८३७ दरम्यानची चर्चच्या कराची टाइद ॲप्लॉटमेंट पुस्तकं आहेत. त्यात शेतकऱ्याचं नाव आणि जमीन, बास. शहरांतली माणसं त्यात नाहीत. उलट दिशेला, १८६५ च्या कायद्यानंतर कुत्र्याचे परवाने सुरू झाले, आणि त्याच्या वह्यांत मालकाचं नाव-गाव मिळतं. पूर्वज सापडत नसला तर त्याचा कुत्रा शोधा, हे गमतीने म्हणतात पण खोटं नाही.

लपलेली नाती

मुख्य नोंदीत कुटुंब जे सांगू इच्छितं ते असतं. जे सांगायचं नसतं ते कडेला सापडतं.

एक नेहमीचा नमुना घ्या. १९११ च्या पत्रकात विवाहित बाईला तीन गोष्टी विचारल्या होत्या: लग्नाला किती वर्षं झाली, मुलं किती झाली, आज हयात किती. समजा एका घरात आईचं वय ५२, मुलं झाली सात, हयात सहा. पत्रकात आणि १९०१ शी ताडून तुम्ही तिची मुलं मोजता आणि हयात सात भरतात. सर्वात धाकटा चार वर्षांचा, ‘मुलगा’ म्हणून लिहिलेला, वरच्या भावंडात आणि त्याच्यात दहा वर्षांचं अंतर. आता १९०६-०७ ची जन्मनोंद उघडा. आईच्या रकान्यात त्या घरातल्या थोरल्या मुलीचं नाव, वडिलांच्या रकान्यात रेघ. नातवाला आजीने मुलगा म्हणून वाढवलं. ‘भाची’, ‘पाहुणी’, ‘सांभाळायला ठेवलेलं मूल’ असं लिहिलेल्या मुलांचीही जन्मनोंद काढाच.

बाप्तिस्म्याच्या नोंदीत धर्मपिता आणि धर्ममाता असतात, लग्नात साक्षीदार. ही माणसं बहुधा काका, मामा, मावशी, आत्या. एका जोडप्याच्या सगळ्या मुलांचे धर्म-आईबाप एका तक्त्यात मांडा. जे आडनाव दोन-तीनदा येतं आणि आईबापाशी जुळत नाही, ते बहुधा आजीचं माहेर किंवा बहिणीचं सासर. आयरिश वह्यांत आई माहेरच्या आडनावाने लिहिली जाते, हे इथे फार उपयोगी पडतं.

मुलांची नावं ठेवायची एक जुनी रीतही आहे: पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं, पहिल्या मुलीला आईच्या आईचं, दुसरीला वडिलांच्या आईचं. ही रीत सगळ्यांनी पाळलेली नाही, म्हणून हा पुरावा धरू नये, पण कुठे शोधायचं ते कळतं.

लग्ननोंदीच्या समासात कधी कधी पाद्रीने बारीक अक्षरात रक्तसंबंधातल्या विवाहाची सूट लिहिलेली असते. तीत नवरा-बायकोच्या नात्याची पायरी दिलेली असते: दुसरी पायरी म्हणजे दोघांचे आजी-आजोबा एकच, तिसरी म्हणजे पणजोबा-पणजी एक. नुसता ‘तिसरी पायरी’ एवढा शेरा मिळाला तरी दोन घराणी तीन पिढ्या मागे कुठे मिळतात ते कळतं, तेही वह्या सुरू होण्याच्या आधीच्या काळात.

डीएनए कुठे मदत करतो

थुंकीची चाचणी करून ‘९२ टक्के आयरिश’ असा नकाशा मिळतो. त्याचा वंशावळीला उपयोग जवळजवळ शून्य. कामाची असते ती जुळणाऱ्या नातेवाइकांची यादी. डीएनएचा जुळणारा भाग सेंटिमॉर्गनमध्ये मोजतात. ढोबळ सरासरी अशी: सख्खी भावंडं २६००, सावत्र (आई किंवा वडील एकच असलेली) भावंडं १७५०, सख्खी चुलत-मामे भावंडं ८७०, त्यापुढची पिढी २३०, त्याच्याही पुढची ७०. सावत्र भाऊ, काका आणि आजोबा यांचे आकडे एकमेकांत मिसळतात, तिथे वय बघून ठरवावं लागतं.

घरातल्या सर्वात वयस्कर माणसाची चाचणी आधी करा. मग ९० ते ४०० सेंटिमॉर्गनच्या जुळण्या घेऊन, कोण कोणाशी जुळतो त्यावरून त्यांचे रंगीत गट पाडा. चार आजी-आजोबांचे साधारण चार गट पडायला हवेत. एखादा गट तुमच्या कागदावरच्या झाडात कुठेच बसत नसेल, तर नोंदीतला बाप आणि खरा बाप वेगळा असू शकतो. मात्र बेटांवर आणि एकाकी दऱ्यांत पिढ्यानपिढ्या आपसात लग्नं झाली. तिथे दूरचा नातेवाईक जवळचा भासतो.

शिपायाचा धागा

ईस्ट इंडिया कंपनीच्या आणि नंतर ब्रिटिश फौजेत आयरिश शिपायांचा मोठा भरणा होता. रॉयल डब्लिन फ्युझिलियर्स ही पलटण १८८१ मध्ये बनली ती मद्रास आणि मुंबईच्या जुन्या युरोपियन पलटणींतून. मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नकला लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या एन-३ या मालिकेत आहेत आणि फाइंडमायपास्टवर शोधता येतात. शिपाई सेवामुक्त होऊन पेन्शनीत निघाला असेल तर लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या डब्ल्यूओ-९७ मालिकेत त्याचा कागद शोधा. त्यावर जन्माचं पॅरिश असतं, म्हणजे ज्याच्यासाठी अमेरिकेवाले वर्षानुवर्षं तळमळतात तेच. छावणीत शिपाई वारला की त्याची विधवा बहुधा काही महिन्यांतच दुसऱ्या शिपायाशी लग्न करी. त्यामुळे एकाच आईची मुलं दोन-तीन आडनावांनी विखुरलेली सापडतात. पुणे-खडकीच्या नोंदी बघताना दफनानंतरच्या वर्षभरातली लग्नं वाचा.

हयात माणसांशी बोलताना

आयर्लंडमध्ये कायदेशीर दत्तक सुरू झालं १९५३ मध्ये. त्याआधी आणि नंतरही अविवाहित आयांची मुलं संस्थांमधून दिली गेली, काहींची तर पालकांच्याच पोटची म्हणून खोटी नोंद झाली. २०२२ च्या कायद्याने दत्तक गेलेल्यांना स्वतःचा जन्मदाखला आणि जन्माची माहिती मिळण्याचा हक्क दिला. त्यासाठी दत्तक प्राधिकरण आणि तुस्ला या सरकारी यंत्रणांकडे अर्ज करता येतो, आणि संपर्क हवा की नको हेही नोंदवता येतं. असं प्रकरण असेल तर आधी तो मार्ग घ्या.

डीएनएतून सापडलेल्या अनोळखी नातेवाइकाला पहिल्या संदेशात ‘तुमचे आजोबा माझेही आजोबा’ असं लिहू नका. ती चाचणी त्याच्या नातीने गंमत म्हणून करून घेतली असेल आणि संदेश सगळ्या घरात फिरेल. जुळणीचा आकडा, तुमच्याकडची दोन-तीन आडनावं, काउंटी आणि टाउनलँड एवढंच कळवा, आणि ही नावं त्यांच्या ओळखीची आहेत का ते विचारा. सहा आठवड्यांत उत्तर नाही आलं तर एकदा आठवण द्या. त्यानंतर त्याच गटातल्या दुसऱ्या माणसाकडे वळा.